वजीरच्या नावाचा नमुना

यंत्राने निकाल दिला तो असा: ‘वजीर हा एडका जंतुवाहक आहे. त्याला कळपातून तत्काळ काढावे. त्याला दाखवलेल्या माद्यांची तपासणी करावी.’

वजीर गेल्या उन्हाळ्यात साप चावून मेला होता. नमुना होता डॉ. सिदनाथ मासाळचा स्वतःचा.

माणदेशातल्या मेंढी संशोधन केंद्रात हे यंत्र येऊन बरीच वर्षं झाली होती. एडक्याचं वीर्य त्यात घातलं की आपला चहा पिऊन होईस्तोवर ते सांगायचं, जंतू आहे की नाही. त्याला माणूस आणि मेंढी कळत नव्हती, जंतू तेवढा कळायचा. माणसाचा नमुना म्हणून घातला असता तर निकाल नियमाप्रमाणे आधी समितीकडे गेला असता, तिथून औषध कंपनीकडे, आणि संध्याकाळपर्यंत चार तोंडी झाला असता. म्हणून सिदनाथने मेलेल्या एडक्याचं नाव उसनं घेतलं होतं. आता पडद्यावरची ती तीन वाक्यं तो पुन्हापुन्हा वाचत होता. पहिली दोन त्याच्यापुरती होती. तिसऱ्या वाक्यातली मादी म्हणजे त्याची बायको ऋतुजा. तिला तिसरा महिना सरत आला होता, आणि यापूर्वी तिचे दोन गर्भ गेले होते.

मासाळांच्या घरात एडका पारखायचा मान बापाकडून मुलाकडे येतो. कळपात एडका सोडण्याआधी सिदनाथचे वडील, म्हणजे आण्णा, त्याला दोन गुडघ्यांत धरत, मागून हात घालत आणि डोळे मिटून त्याची अंडं चाचपत. बोटांना कुठे गाठ लागली की एडका बाद. नाही लागली की पास. त्या हातावर अपील नव्हतं. सिदनाथ पशुवैद्य झाला, पुढे परदेशी जाऊन पांढऱ्या पेशींवर डॉक्टरेट घेऊन आला, पण त्याच्या विद्येची पहिली इयत्ता तो हात हीच होती. ही गाठ येते कुठून, एवढा एकच प्रश्न त्याने पुढे पंधरा वर्षं निरनिराळ्या भाषांत विचारला.

उत्तर तसं सोपं आहे. नराच्या शरीरात, मग तो एडका असो की माणूस, एक अवघडलेला तह असतो. शरीराचे पहारेकरी म्हणजे पांढऱ्या पेशी. आपलं कोण आणि परकं कोण हे त्या बाळपणीच शिकून घेतात. शुक्रजंतू तयार व्हायला लागतात ते वयात आल्यावर, म्हणजे पहारेकऱ्यांच्या लेखी ते उपरेच. म्हणून वृषणाला आतून पेशींची भिंत घातलेली असते, आणि तिथल्या पहारेकऱ्यांना हळू बोलायची सवय लावलेली असते. वृषणाच्या पाठीला एक वेटोळी नळी चिकटलेली असते. उलगडली तर दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाईल. शुक्रजंतू पोहायला शिकतात ते तिच्यात. या नळीच्या शेपटाशी मात्र तह कच्चा असतो. जंतू मूत्रमार्गातून वर चढले किंवा रक्तातून आले की तिथले पहारेकरी उठतात, फौज बोलावतात, आणि जंतूंबरोबर नळीही जाळून टाकतात. औषधाने जंतू मरतात, पण व्रण राहतो आणि वाट कायमची बुजते. आण्णांच्या बोटांना लागायची ती गाठ हीच.

मग सिदनाथने ठरवलं, फौजेलाच आवरायचं. रुग्णाच्याच रक्तातल्या काही भक्षक पेशी काढायच्या, जंतू गिळणं हेच ज्यांचं काम त्या. त्यांना प्रयोगशाळेत शांत राहायला आणि इतरांना शांत ठेवायला शिकवायचं, आणि नळीच्या शेपटाशी नेऊन सोडायचं. या पेशींना त्याने ‘शमक’ असं नाव दिलं. शमक तिथे ठाण मांडतात, फौज माघारी फिरते, दरम्यान औषध जंतूंचा समाचार घेतं आणि नळी शाबूत राहते. वजीर हा पहिला एडका. त्याची सूज आठवड्यात उतरली, आणि त्याच्या वीर्याचे आकडे पाहून केंद्रात पेढे वाटले गेले.

माणसांत पहिला नंबर सिदनाथचाच लागला. एका मेंढीचं अडलेलं कोकरू ओढून काढताना त्याचा हातमोजा फाटला. पंधरवड्यात संध्याकाळचा ताप, पाठीला कळा, आणि मग एका बाजूचं वृषण लिंबाएवढं सुजलं. जंतू ब्रुसेला. मेंढ्यांना गाभ टाकायला लावणारा तो हाच, आणि आता निम्म्या औषधांना न जुमानणारा झालेला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ऋतुजा म्हणाली होती, “मुलं नसली तरी चालतील मला. तू धड राहा.” तो म्हणाला, दोन्ही जमेल. त्याने परवानग्या मिळवल्या, शमक टोचून घेतले, औषधांचा पूर्ण कोर्स केला आणि खडखडीत बरा झाला. रक्त साफ, वीर्य साफ, सूज नाही. पाठोपाठ चाचणीत आणखी चाळीसेक रुग्णांना शमक टोचले गेले.

आण्णा आईला घेऊन त्याला बघायला क्वार्टरवर आले तेव्हा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, “गाठ ऱ्हायलीय का?”

“नाही आण्णा.”

“दोन्ही बाजूला बघितलंस?”

“बघितलं.”

“मग एडका चांगला हाय,” आण्णा म्हणाले, आणि आईने पदर तोंडाला लावला. ऋतुजासुद्धा हसली होती. त्या दिवशी त्या घरात कुणालाही, अगदी डॉक्टरेटवाल्यालाही, हे सुचलं नाही की शमकांनी काढून टाकली ती नेमकी गाठ. गाठ ही खूण होती. खूण पुसली म्हणजे रोग गेला, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एडका चाचपणारं घरच करू शकतं.

पहिला गर्भ चौथ्या महिन्यात गेला. दुसरा पाचव्यात. दोन्ही वेळा आधी ऋतुजाला बारीक ताप आला, मग कंबर धरली, मग सगळं संपलं. दुसऱ्या वेळी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी वार तपासायला पाठवली आणि तिच्यात ब्रुसेला सापडला. त्यांनी विचारलं, “सासरी मेंढ्या आहेत का?” आहेत म्हटल्यावर विचारायचं काही उरलंच नाही. मेंढीच्या दुधाचा चहा, कोकरांना कवेत घेणं, सगळं तिच्या खाती मांडलं गेलं. तिला औषधं दिली, ती साफ झाली.

ऋतुजा आटपाडीच्या शाळेत भूगोल शिकवायची, माहेर शहरातलं. सासरची वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, तिने कौतुकाने ओलांडली होती. आता ती सासरी जाईनाशी झाली. घोंगडीसुद्धा तिने माळ्यावर टाकली. आई शेजारणीला सांगताना आवाज बारीक करत नसे. “मेंढी दोनदा गाभडली की तिला बाजार दावत्यात. माणसाला काय दावायचं?” हे ऋतुजाने ऐकलं होतं, आणि सिदनाथनेही. तो आईवर चिडला, पण ऋतुजाला जवळ घेऊन त्याने काय सांगावं, तर यापुढे हात नीट धूत जा.

आण्णांनी मात्र कुणाला न सांगता टेम्पो बोलावला. पणजापासून चालत आलेला अख्खा कळप त्यांनी सांगोल्याच्या बाजारात विकला. घरी येऊन वाघर गुंडाळली आणि सुनेला फोन केला. “पोरी, मेंढरं काढली. आता भिऊ नगंस.” ऋतुजा फोन धरून रडली. सासऱ्याने आपल्यासाठी काय तोडून दिलं ते तिला कळत होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं.

त्यानंतर वर्षभराने तिला पुन्हा दिवस गेले. घरात आता मेंढीचा केससुद्धा नव्हता.

शंका आली ती एका चित्रामुळे. शमकांना सर्वांसाठी परवानगी मिळायची बैठक तोंडावर आली होती, आणि अहवालात घालायला सिदनाथला शमक पेशींचा एक सुबक फोटो हवा होता. वजीर मेल्यावर त्याचे अवयव शीतपेटीत ठेवलेले होते. सिदनाथने नळीच्या शेपटाचा पातळ काप घेतला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शमक छान ओळीने बसलेले होते. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात बारीक दाणे होते.

त्याला आधी वाटलं, रंग नीट बसला नसेल. दुसरा काप घेतला. तेच. मग त्याने पेशी फोडल्या आणि आतला रस यंत्रात घातला.

ब्रुसेलाचं वैशिष्ट्यच हे की तो भक्षक पेशींच्या पोटात जगू शकतो. चवताळलेली पेशी त्याला कशीबशी जाळते. शांत पेशी मिळाली तर तो तिथे संसार थाटतो. सिदनाथने त्याला शांत पेशी नेऊन दिल्या होत्या, आयुष्यभर शांतच राहतील अशा शिकवून. बाहेर फिरणारे जंतू औषधाने मेले, पोटात शिरलेले राहिले. बाकीची फौज शमकांनीच गप्प केलेली, त्यामुळे सूज नाही, गाठ नाही, रक्तातही काही नाही. गेली कित्येक वर्षं सगळे तज्ज्ञ जंतू पेशींच्या बाहेर शोधत होते, कारण शमक तर आपले. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. वजीरला दाखवलेल्या काही मेंढ्यांनी गाभ टाकला होता, त्याही तेव्हा मेंढ्यांचाच दोष म्हणून विकल्या गेल्या होत्या.

हे कळल्यावर त्याने स्वतःचा नमुना घेतला, पेशी फोडल्या आणि वजीरच्या नावाने यंत्रात घातला.

आता खरं तर एकच काम होतं. गाडी काढायची, घरी जायचं आणि ऋतुजाला घेऊन सांगलीला पोचायचं. जंतू तिच्यात गेला असेलच असं नाही, पण गेला असेल तर ताप यायच्या आधी औषध सुरू केलं की गर्भ वाचायची शक्यता चांगली असते. हे सिदनाथला पाठ होतं. मेंढ्यांच्या बाबतीत त्याने स्वतःच ते लिहिलं होतं.

त्याने फोन केला तो प्रकल्पप्रमुख डॉ. भागवतांना.

भागवतांनी सगळं शांतपणे ऐकलं. “एक मेलेला एडका आणि एक माणूस,” ते म्हणाले. “एवढ्यावर तू काय सिद्ध करणार? यंत्र जंतूचे तुकडेसुद्धा पकडतं. जिवंत आहे कशावरून? वाढवून बघ आधी.”

“सर, हा जंतू वाढायला वेळ घेतो. आठवडा, दहा दिवस.”

“बैठक पुढच्या सोमवारी आहे. तोवर निकाल आला तर मांडू. नाही आला तर नंतर मांडू. सिदनाथ, चाळीसेक माणसं बाप होऊ शकतात ती तुझ्यामुळे. त्यांच्या घरात एका नमुन्यावर आग लावणार आहेस का?”

हे बोलणं चुकीचं होतं असं नाही. एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये, हे शास्त्र आहे. पण शास्त्राआड लपायला बसणाऱ्या माणसाला ते शास्त्र फार लवकर पटतं. सिदनाथला ते फोन ठेवायच्या आधीच पटलं. त्याने नमुना काचेच्या बशीत वाढायला ठेवला आणि घरी गेला.

ऋतुजा गॅलरीत बसून पेपर तपासत होती. पाय दुसऱ्या खुर्चीवर. “बघ, कोयना गोव्यात नेऊन सोडलीय एकीने,” ती म्हणाली. आणि मग, त्याच सुरात, “या वेळी मला काहीच होत नाहीये रे. ताप नाही, कंबर नाही. मामांनी मेंढ्या काढल्या म्हणून वाचलं हे.” सासूसासऱ्यांना ती आत्या-मामा म्हणायची.

“हं.”

“आत्या मघाशी येऊन गेल्या. ओटी भरायची म्हणत होत्या, पाचव्यात. मी म्हटलं, आधी पाचवा लागू दे.” ती थांबली. “तुझं काय चाललंय? तोंड का असं?”

त्याच्या ओठांवर होतं. नुसतं ‘ऋतू, आपल्याला सांगलीला जायचंय’ म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप निघालं असतं. पण त्यामागे सगळी रांगच उभी होती. दोन गेलेले गर्भ, आईचं ते बोलणं, आण्णांचा कळप, आणि प्रत्येक वेळी ‘हात धूत जा’ म्हणणारा तो स्वतः. त्याला लाज वाटली. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली, आणि तिनेच घात केला.

“बैठकीचं टेन्शन आहे,” तो म्हणाला.

“होईल रे,” ऋतुजाने त्याचा हात थोपटला आणि पुन्हा पेपरांत डोकं घातलं.

तो आठवडा त्याने कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. तो तिच्यापासून लांब झोपला, सर्दीचं निमित्त करून. रोज सकाळी तो बशीकडे बघायचा. काच स्वच्छ. प्रत्येक स्वच्छ सकाळ त्याला कौल दिल्यासारखी वाटायची. सोमवारी बैठक झाली, शमकांना परवानगी मिळाली, भागवतांनी त्याचं नाव घेऊन भाषण केलं. त्याच दुपारी बशीत बारीक, मधाच्या रंगाचे ठिपके उठले. तो ते बघत असतानाच आईचा फोन आला.

“सिदू, ऋतूला थंडी वाजून आलीय. दातावर दात वाजत्यात. तू कुठं हाईस?”

सांगलीला पोचेपर्यंत ऋतुजाचं अंग भाजत होतं. डॉक्टरीणबाईंनी औषधं लावली, पण तिची कंबर धरली होती आणि रक्तस्राव सुरू झाला होता. या वेळी गर्भ गेला तो एकटा गेला नाही. जंतू गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरला होता, रक्त थांबेना, आणि पहाटेच्या सुमारास बाईंनी सिदनाथची सही घेऊन गर्भाशय काढून टाकलं.

ऋतुजा शुद्धीवर आली ती त्या दिवशी दुपारी. बाहेर बाकावर आण्णा आणि आई बसलेले होते. काचेच्या दारातून आईचं बोलणं आत येत होतं. “मेंढरं ईकली, देवाला नारळ वाढवला, आजून काय करायचं? पोटातच ऱ्हाईना तिच्या...”

ऋतुजाने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

सिदनाथ उठला, दार लावून घेतलं आणि खाटेशेजारी उभा राहिला. बसायची त्याची छाती झाली नाही. त्याने सांगितलं. वजीर, शमक, पोटातले जंतू, सगळं. मेंढ्यांचा काही संबंध नव्हता, तिचाही नव्हता. तीनही वेळा जंतू त्याच्याकडून आला होता. ती औषधाने साफ व्हायची आणि तो तिला पुन्हा द्यायचा. शमक मारून टाकायचं इंजेक्शन आहे, ते तो आजच घेणार, मग सूज येईल, नळी जळेल, आणि सगळं संपेल. हे त्याने दिलासा दिल्यासारखं सांगितलं.

ऋतुजाने तोंड त्याच्याकडे वळवलं. मग तिने विचारलं, “कधी कळलं तुला?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. काल कळलं म्हणाला असता, तर बशीतले ठिपके साक्षीला होते. जगात दुसरं फक्त भागवतांना माहीत होतं, आणि ते कधीच बोलले नसते.

“मागल्या आठवड्यातल्या सोमवारी,” सिदनाथ म्हणाला. “तू गॅलरीत पेपर तपासत होतीस तेव्हा.”

तिने डोळ्यांवर हात घेतला. तो हात खाली येईपर्यंत सिदनाथला वाटत होतं, आता ती ओरडेल, जा म्हणेल. त्याला ते हवं होतं. पण हात खाली आला तेव्हा तिचा चेहरा वर्गात उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा होता.

“किती जणांना टोचलंय तुम्ही ते?”

“चाळीसेक.”

“त्यांच्या बायकांना माहितीय?”

“उद्या समितीला कळवणार आहे. समिती मग...”

“फोन आहे ना खिशात?” ऋतुजा म्हणाली. “लाव. माझ्यासमोर लाव. आवाज मोठा ठेव.”

“ऋतू, तू आत्ता विश्रांती...”

“आठवडाभर थांबलास तू. आता एक मिनिट थांबायचं नाही.”

त्याने फोन काढला. यादीतलं पहिलं नाव विट्याच्या नितीन कोष्टीचं होतं, यंत्रमागवाला, तिशीतला. घंटा वाजली. एका बाईने उचलला.

“अय्या, मासाळ डॉक्टर? हे आंघोळीला गेलेत. मी यांची मिसेस, कविता. अहो, तुमच्याकडंच यायचं चाललंय आमचं, पेढे घेऊन. परवाच पाचवा लागला. तुमचे उपकार किती मानावेत...”

सिदनाथने ऋतुजाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, नुसतं थांबणं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्हाला मध्ये कधी ताप आला होता का?”

“ताप असा नाही हो,” पलीकडून हसू आलं. “संध्याकाळची जरा कणकण असते चार दिवस झाले. सासूबाई म्हणतात, या दिवसांत चालतंच.”

पलीकडून कविता दोनदा “हॅलो” म्हणाली.

“सांग तिला,” ऋतुजा म्हणाली.

आणि सिदनाथने सांगायला सुरुवात केली.